एक गिअर पुढे, तीन मागे

मागे बघत गाडी चालवण्यात माझा हात धरणारं माणूस आमच्या जिल्ह्यात नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही असं म्हणणार होते, पण ते खोटं ठरेल. फुशारकीनेच सांगते. परवा माझ्या नातवाने नवी गाडी आणली. तिच्या मागे कॅमेरा, पुढे पडदा, आणि अंगणात गाडी लावताना ती सारखी बीप बीप करून त्याला दरडावत होती. मी म्हटलं, अरे, मान वळव की जरा. तर म्हणाला, आजी, तुला नाही कळायचं. मला नाही कळायचं म्हणे. आंब्याच्या चोवीस पेट्या, गळ्यात पट्टा घातलेला बाप आणि पेट्यांवर बसलेला मामा घेऊन मी तळेऱ्यापर्यंत उलटी गेले होते, तेव्हा ह्याची आईसुद्धा जन्मली नव्हती. म्हणून म्हटलं, एकदा ते सगळं लिहूनच टाकावं.

आमची जीप मिलिटरीच्या लिलावातली. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवायचे आणि निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं त्यांनी ती आणली. लोक निवृत्तीला घराला गिलावा करतात, अण्णांनी जीप आणली. कारण आमचा बाग सड्यावर. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळाचं सपाट रान. तिथे आमची आणि आणखी सात घरांची हापूसची कलमं. गावातून वर जाणारी वाट म्हणजे नुसते दगड. तिथे ट्रक चढत नाही, बैलगाडी अर्ध्यावर बसते, आणि पेट्या डोक्यावरून उतरवायच्या तर माणसं मिळत नाहीत. जीप मात्र चढायची. फक्त पेट्रोल इतकं प्यायची की आये म्हणायची, "ह्या जीपयेपेक्षा म्हस पाळल्यानी असती तर दूध तरी मिळाला असता." आणि एका हंगामाच्या शेवटी तिचं इंजिन जे धरलं ते धरलंच. पुढच्या हंगामापर्यंत जीप खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फणसाखाली उभी होती आणि आमच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

अण्णांनी ठरवलं, आता डिझेल बसवायचं. आणि नुसतं ठरवलं नाही, सातही घरी जाऊन सांगितलं की यंदा सगळ्यांच्या पेट्या माझ्या गाडीतून तळेऱ्याला जातील. तळेऱ्याला, जिथे आमचा रस्ता हायवेला मिळतो, तिथे मुंबईचा ट्रक यायचा. ट्रकवाल्याशीही ते बोलून आले. तो म्हणाला, मास्तर, चार वाजता मी निघतो, थांबणार नाही. आणि पहिल्याच दिवशी तुमच्या गावचा माल आला नाही तर यंदा तुमच्यासाठी जागा ठेवणार नाही. अण्णा म्हणाले, येईल. सातही घरांनी ह्या एका शब्दावर दुसऱ्या कुणाशी बोलणं केलं नाही. तीस वर्षं ज्यांच्या पोरांना त्रैराशिक शिकवलं त्या लोकांपुढे अण्णांचा शब्द असा उघड्यावर ठेवलेला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बारावी होऊन घरात बसलेली. पण तो शब्द मोडला तर अण्णा परत सड्यावर तोंड दाखवणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

इंजिनाचं काम आलं बाळामामाकडे. बाळामामा आयेचा धाकटा भाऊ. मालवण बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. डिझेलमधला त्याच्यासारखा माणूस त्या किनाऱ्यावर नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. खाऱ्या पाण्यात बुडून आठ दिवस पडलेली इंजिनं त्याने जिवंत केली होती. पण चाकं असलेल्या वाहनाशी त्याचा संबंध एसटीत बसण्यापुरता. अण्णांनी तशी शंका काढली तर म्हणाला, "भावजी, दर्यात चलता ता जमनीर कित्या चलाचा नाय?" अण्णांना हे पटलं. मलाही.

एका मोठ्या बोटीची दोन इंजिनं त्याच्या नजरेत होती. बोट मोडीत निघालेली, पण इंजिनं नव्या धर्तीची, हलकी, थोड्या डिझेलवर चालणारी. त्यातलं जास्त चांगलं होतं ते त्याने निवडलं, मालमोटारीत घालून आणलं, आणि आमच्या घरात बंदर आलं. खरंच सांगते, दोन महिने आमच्या घराला दुसरा वासच नव्हता. पेजेला डिझेलचा वास, उशीला डिझेलचा वास. सकाळी आये चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवायची तेवढ्यात बाहेर हातोडा सुरू व्हायचा. मामाला सकाळी पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा लागायचा, दुपारी माशाचं तिखलं लागायचं, आणि तिखल्यात तिरफळं कमी पडली तर जेवताना तो बोलायचा नाही. बहीण-भावाची भांडणं तर रोजचीच. आये म्हणायची, "शिरा पडली तुझ्या इंजिनार, खळ्यात माका मिरची वाळत घालूक जागा नाय." मामा म्हणायचा, "मिरची बॉनेटार घाल, उन्हान गरम ऱ्हवता." तिने एक दिवस खरंच घातली. डिझेल लागलेल्या त्या मिरचीचा मसाला आम्ही वर्षभर खाल्ला.

जुनं इंजिन फणसाच्या फांदीला साखळी-कप्पी लावून उचललं. फांदी अशी वाकली की अण्णा दोन पावलं मागे सरले आणि मामा मात्र खालीच उभा. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून मधे बसवायला एक जाड लोखंडी चकती कापून घ्यावी लागली. ती आम्ही कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून करून आणली. तिचं माप अण्णांनी काढलं, गणिताच्या वहीत, कंपासने वर्तुळं मारून. नऊ बोल्ट, नऊच्या नऊ एका दमात बसले. अण्णांनी त्या दिवशी आयेकडे दुसऱ्यांदा चहा मागितला, यावरून त्यांना किती आनंद झाला असेल ते समजावं. इंजिन जड म्हणून पुढच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवला. माझं काम पान्हे देणं, बोल्ट रॉकेलमध्ये धुणं आणि मामाला प्रश्न विचारणं. शेवटच्या कामाला त्याची ना होती, पण मी ते सोडलं नाही.

मामाला सगळ्यात जास्त सतावलं ते पाण्याने. बोटीत इंजिन थंड करायला अख्खा दर्या असतो, जीपमध्ये एवढासा रेडिएटर. तीन दिवस तो त्याच्यापुढे उकिडवा बसून विड्या ओढत होता. शेवटी एका जुन्या ट्रॅक्टरचा मोठा रेडिएटर बसवला, त्यामागे जीपचा जुना पंखा. आणि हंगामाच्या तोंडावर इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. काय तो आवाज. शेजारच्या वाडीतली माणसं धावत आली. मी गाडीसमोर उभी होते आणि पंख्याचा वारा माझ्या तोंडावर आला, परकर-पोलक्याला चिकटलेला भुसा उडाला. पंख्याने हवा समोरून आत ओढायला हवी, एवढं मला दोन महिन्यांत समजलं होतं. मी म्हटलं, मामा, ह्यो उलटो वारो टाकता. मामाने हात लावून बघितलं, म्हणाला, खरा गो, आणि इंजिन बंद करून पंख्याची पाती पकडीत धरून एकेक करून उलट पिळली. परत सुरू केलं, वारा आत जाऊ लागला. झालं. मामा खूश, अण्णा खूश, आणि सगळ्यात खूश मी, कारण चूक मी दाखवली होती. पंखा उलटा वारा का टाकतो, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आज त्याचं हसू येतं. तोंडावर वारा घेऊन मी उत्तरासमोरच उभी होते आणि शहाणी म्हणून मिरवत होते.

क्लचचं काम लांबलं, ते पूर्ण झालं पेट्या जायच्या दिवशी सकाळी. म्हणजे गाडी चालवून बघायला वेळच नव्हता. सड्यावरची सात घरं खळ्यात जमली होती. त्यांचा पहिला आंबा घळीने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने काढून, गवतात बसवून, पेट्या वर सड्यावर तयार होत्या. अण्णांनी चाकाखाली नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय विहिरीला दोरसुद्धा लावत नाहीत. "बा देवा म्हाराजा, आज ह्या गाडयेक नवीन इंजिन चढयला आसा, ता तुझ्या पायाकडे मानून घे." सगळे म्हणाले, होय म्हाराजा. "सात घरांच्यो पेट्यो हिच्यार जावच्यो आसत, तेंका काय आडवा-तिडवा इला तर दूर कर." होय म्हाराजा. "आणि हिका पुढची वाट दाखव रे म्हाराजा." होय म्हाराजा. अण्णा गाडीत बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप जी मागे गेली ती गवताच्या उडवीत अर्धी आत शिरली.

कोणी हसलं नाही. पहिलं अर्धं मिनिट तरी नाही. अण्णांना वाटलं गिअर चुकला. परत टाकला, गाडी आणखी आत. दुसरा टाकला, तेच. मग त्यांनी मागे जायचा गिअर टाकला, आणि गाडी घूं करून शांतपणे पुढे आली. सड्यावरचा तातू म्हणून एक म्हातारा होता, त्याची कलमं आमच्या बांधाला लागून. तो म्हणाला, "मास्तर, देवान नीट ऐकूक नाय वाटता." मग मात्र खळं हसलं. अण्णांनी मामाकडे बघितलं. मामा इंजिनाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"ह्या डाव्या अंगाचा इंजिन," मामा म्हणाला. बोटीला दोन इंजिनं असली की एक सुलट फिरतं आणि एक उलट, नाहीतर बोट एका बाजूला ओढते. हे उलटं होतं. अण्णांनी विचारलं, "तुका ठाऊक होता?" मामा म्हणाला, "ठाऊक होता तर. पण होडयेक तेचा काय? पाण्यातलो तळचो पंखो बदललो की झाला." आयेने पडवीतून विचारलं, "आणि हयसर तळाक पंखो खंय आसा रे, मेल्या?" मामाने चारी चाकांकडे बघितलं आणि डोक्याला हात लावून बसला. सांगायची गोष्ट एवढीच की बंदरावरच्या सगळ्यात हुशार माणसालाच ही चूक करता आली असती. साध्या गॅरेजवाल्याने मुळात ते इंजिन उचललंच नसतं.

तर आता जीपला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला तीन. पुढचा तो एक भलताच हळू, पण ताकदीचा. अण्णा म्हणाले, सड्याची वाट चढायला आणि उतरायला हळूच लागतो, चला. आणि खरंच, जीप ती वाट जिना चढावा तशी चढली. वर चोवीस पेट्या भरल्या. खाली डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. तिथे अण्णांनी गाडी उभी केली आणि मनात हिशेब केला. बावीस किलोमीटर. ह्या गिअरात अडीच तास. ट्रक चारला. मग तोच हिशेब स्टिअरिंगवर बोटाने परत मांडला. तातू पेट्यांबरोबर चालत खाली आला होता, आता तो हसत नव्हता. म्हणाला, "मास्तर, जावंदे. पेट्यो परत वर न्हेवया. तुमी तरी काय करतलास." चांगल्या मनाने म्हणाला, पण अण्णांना ते चपराकीसारखं लागलं. मी बघितलं ना त्यांचं तोंड.

मी म्हटलं, मागे जायचे तीन गिअर आहेत की. कोणाला कळलं नाही. मी म्हटलं, गाडी फिरवा आणि उलटी न्या. अण्णांनी मान वळवायचा प्रयत्न केला. त्यांच्या मानेचं दुखणं जुनं, गळ्याला डॉक्टरने पट्टा दिलेला. मागे बघायला त्यांना अख्खं अंग वळवावं लागे, मग पाय ब्रेकवर राहत नसे. मामाला होडीचं सुकाणू यायचं, स्टिअरिंग नाही. राहिले मी. सड्यावर अण्णांनीच मला दोन हंगाम जीप शिकवली होती. लायसन्स निघायचं होतं, पण तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणीही त्याची चौकशी केली नाही. अण्णा शेजारच्या सीटवर सरकले.

पेट्यांचा वरचा थर काढून मधल्या जागेत कोंबला, मला वरून दिसावं म्हणून. मामा त्यांच्यावर मागच्या दिशेला तोंड करून बसला, लाल टॉवेल हातात घेऊन. मी अंग वळवून, डावा हात सीटच्या पाठीवर, उजवा चाकावर, अशी निघाले. पहिला मैल वाईट गेला. उलट जाताना पुढची चाकं मागून येतात आणि ती स्वतःच्या मनाने वळायला बघतात. जरा चाक फिरवलं की गाडी फणा काढते. मग समजलं, चाक फिरवायचंच नाही, नुसतं बोटाने सांगायचं. दुसरा गिअर टाकला. मामा ओरडत होता, "म्होरे बैलगाडी आसा, म्होरे मोरी आसा," आणि टॉवेल हलवत होता. रस्त्यावरची माणसं कडेच्या दगडी गडग्यावर चढून उभी राहत होती. एका बाईने डोक्यावरचा बांबूचा हारा खाली ठेवून हात जोडले, ते मला की देवाला कोण जाणे.

अण्णांचं तोंड मात्र गाडीच्या तोंडाकडे. म्हणजे आम्ही जिकडे चाललो होतो ते त्यांना दिसतच नव्हतं, दिसत होता तो फक्त मागे पडणारा रस्ता. ते माझा आरसा झाले. "शालिनी, मागून एसटी येत आहे. बाजूला घे." घरात आम्ही सगळे मालवणी बोलायचो, पण शाळेत आणि रागात अण्णा पुस्तकातलं मराठी बोलत. मला वाटलं, रागावलेत. "शालिनी, एक सायकलस्वार आहे. घाई नाही." आवाज अगदी फळ्यासमोरचा. एका वळणावर समोरून ट्रक आला, मामा ओरडला, माझं बोट जरा जास्त बोलून गेलं आणि उजवं चाक रस्त्याच्या कडेवरून खाली घसरलं. पेट्या करकरल्या. ब्रेक लागला. माझ्या बाजूला खाली सरळ ओहोळ. मी म्हटलं, अण्णा, आता गाडी फिरवून हळूच्या गिअराने जाऊया, पोचू तेव्हा पोचू. अण्णांनी घड्याळ बघितलं. "तीन वाजून पाच मिनिटं झाली आहेत. थांबू नकोस. तुला येतंय." मी चाक वर घेतलं आणि निघाले. तुला येतंय असं अण्णा वर्गात क्वचित कुणाला म्हणाले असतील. त्यानंतर माझ्याकडून एकही चूक झाली नाही.

तळेऱ्याच्या नाक्यावर आम्ही उलटे शिरलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती. हॉटेलातली माणसं कपबश्या घेऊन बाहेर आली. ट्रकवाला टपाला दोरी बांधत होता, त्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. मामाने पेट्यांवरून उडी मारली आणि बंदरावर माल उतरवल्याच्या थाटात हुकूम सोडायला लागला. चोवीसच्या चोवीस पेट्या चढल्या. एक आंबा चेपला नव्हता. ट्रकवाला म्हणाला, मास्तर, तुमची जागा पक्की. त्या वर्षीचा सगळा हंगाम मग आम्ही तसाच काढला, आणि पावसाळ्यात मामाने त्याच बोटीचं दुसरं, सुलट फिरणारं इंजिन आणून बसवलं. ती जीप पुढे कितीतरी वर्षं चालली. पण मला त्या संध्याकाळचं सांगायचंय.

ट्रक गेला. मी अण्णांच्या बाजूला गेले, म्हटलं, चला, चहा घेऊया. अण्णा उतरेनात. दोन्ही हातांनी त्यांनी समोरची दांडी धरली होती आणि ती सोडत नव्हते. मला वाटलं मान धरली. मी पट्ट्याला हात लावला तर म्हणाले, "मान नाय गो बाय. भियालंय. पाय हालणत नाय." सबंध वाट त्यांना खड्डा दिसला तो जाऊन गेल्यावर, वळण कळलं ते वळून झाल्यावर, आणि त्या ओहोळावर आपण किती बाहेर आहोत हे तर त्यांनी फक्त ऐकलं होतं. मला रडूच आलं. मी म्हटलं, "मगे तेव्हाच सांगलात कित्या नाय?"

"सांगला असता तर तू थांबली असतंस," अण्णा म्हणाले.

दांडीवरची त्यांची पकड मी एकेक बोट करून सोडवली. हॉटेलवाल्याने चहा गाडीतच आणून दिला. मग मी मामाला मागे बसवलं, जीप घराच्या दिशेला सरळ तोंड करून उभी केली आणि तो एकुलता एक हळू गिअर टाकला. जाताना दीड तासात गेलेली वाट येताना अडीच तासांची झाली. माणसं चालत आमच्या पुढे जात होती, मामा कुरकुरत होता, की पोरी, तीन गिअर सोडून ह्या कसला. मी ऐकलं नाही. अण्णा शेजारी बसून समोर बघत होते, आणि प्रत्येक वळण मी त्यांना ते येण्याआधी दाखवत होते.